बापदेवाच्या वळणावरचा रस्ता

भर रस्त्यात, अगदी मधोमध, चारी पाय पसरून झोपलेलं कुत्रं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

माझ्यावर झोपायचं. मी एक रस्ता बोलतोय. जासईच्या पलीकडे, खाडीच्या अंगानं एका लहान गावाकडे जाणारा. आता माझ्यावर कुणी झोपत नाही. मलाही फारसं काही कळत नाही. अंगावर डांबराचे इतके थर चढलेत की वरून जड गेलं की हलकं, एवढंच समजतं, तेही उशिरा. पूर्वीचं अजून आठवतंय, तोवर सांगून टाकतो.

मी रस्ता म्हणून जन्मलो नाही. मी मिठागराचा बांध होतो. माणसं डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन चालायची, त्यांच्या पावलांनी मी घट्ट होत गेलो. मग कधीतरी मुरूम पडला. नंतर एका उन्हाळ्यात डांबराचा पातळ हात फिरला, पोलक्याला अस्तर लावावं तेवढाच. त्या अस्तरातून मला सगळं कळायचं. अनवाणी कोण, चपलेचा अंगठा कुणाचा तुटलाय, कोण रागानं चाललंय.

सगळ्यात मला सायकली आवडायच्या. बैलगाडी रुतून बसते, एसटी हाडं खिळखिळी करते, सायकल मात्र पाठीवरून हात फिरवल्यासारखी जाते. शिवाची सायकल तर मी दुरूनच ओळखायचो. तिच्या मागच्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावलेला होता. त्यामुळे चाकाच्या दर फेऱ्याला मला एक हलकी टिचकी बसायची. टिच, टिच, टिच. शिवा आला.

शिवा आधी मिठागरात होता. बंदरासाठी जमिनी गेल्या, मिठागरं बुजली, आणि तो कंटेनर ठेवायच्या एका यार्डात वॉचमन म्हणून लागला. जाताना मागे कॅरियरवर त्याची बायको गोजरा बसायची, मांडीवर सुक्या मासळीची पाटी घेऊन. जासईच्या बाजारात ती उतरायची, तो पुढे जायचा. घरापासून बाजारापर्यंत तिचं तोंड चालू.

"हलू चालवा, बोंबील सांडतील."

"बोंबील नाय सांडत, तूच जास्त हलतंस."

"मंग उतरू काय?"

"उतर. सायकल तरी हलकी होल."

ती कधी उतरली नाही. बाजाराआधी उतरायची ती फक्त बापदेवाच्या वळणावर.

बापदेव म्हणजे गावाच्या वेशीवरचा देव. शेंदूर लावलेला एक दगड, माझ्या अगदी कडेला. आमच्याकडची रीत अशी की तिथं कुणी सायकलवर बसून जायचं नाही. उतरायचं, चपला बाजूला काढायच्या, हात जोडायचे, थोडं अंतर सायकल हातात धरून चालायचं आणि मग टांग मारायची. घाई असो, पाऊस असो, लग्नाचं वऱ्हाड असो. देवही घाईत नव्हता, मीही नव्हतो.

नव्वदच्या सुमारास रविवारी सकाळी एक जोडपं यायला लागलं. नंदकिशोर आणि स्मिता. राहायचे कोपरखैरण्याच्या सोसायटीत, तो तुर्भ्याला कारखान्यात होता. स्मिताची लेडीज सायकल, पुढे जाळीची टोपली, टोपलीत डबा. ती दमून माझ्या कडेला बसली की गोजरा पाण्याचा तांब्या घेऊन यायची.

"कुनाकडं आलाव?"

"कुणाकडे नाही. असंच, फिरायला."

"फिराला? येवरे लांब, सायकलीवर? मालक एसटीला पैसं देत नाय काय तुमाला?"

स्मिता हसून हसून ठसकली. नंदकिशोरनं शिवाला विचारलं, "दादा, इथून पुढे असाच शांत रस्ता कुठला आहे? गाड्या नसलेला?"

शिवानं विचार केला. "फाटा आला की बघाचं, सायेब. ज्या रस्त्यात कुत्रा झोपलाय तो धराचा. कुत्र्याला ठावं असतंय."

मग दर रविवारी ते दोघं तसंच करायचे. कुत्रं दिसलं की तिकडे वळायचे. बापदेवाशी उतरायलाही शिकले. स्मिता चपला काढून रांगेत ठेवायची, आपल्या घराच्या दाराशी ठेवावी तशी.

त्र्याण्णव साली मला रुंद करायचं ठरलं. कंटेनर वाहणारे लांबलचक ट्रेलर जायला जागा हवी होती. गावानं नको म्हटलं नाही, घरटी एक नोकरी यार्डात होती. अडचण एवढीच की मी देवाच्या बाजूनं वाढणार होतो, म्हणजे दगडाची जागा माझ्या मधोमध येत होती. देवाला हलवायचं तर त्याचा कौल घ्यायला हवा. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या कोंडिबानं दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर देव हो म्हणतो, डावं पडलं तर नाही. सगळं गाव श्वास रोखून उभं होतं. पण त्या वेळी थोड्या अंतरावर रोलर चालूच होता. तो थांबवा, असं कुणी म्हटलं नाही. मी थरथरत होतो, दगड थरथरत होता. उजवं फूल पटकन पडलं.

"दिला, देवानं कौल दिला!" कोंडिबा म्हणाला. नारळ फुटला.

"देवानं नाय दिला," शिवा म्हणाला. "रोलरनं दिला."

लोक हसले. दगड पलीकडच्या कडेला नेला, सिमेंटचा ओटा बांधला, वर पत्रा टाकला.

माझ्यावर थर चढले. पहिला चढला तेव्हा अनवाणी पावलं कळेनाशी झाली. दुसऱ्यानंतर चपला. ट्रेलर दिवसभर जायला लागले. कुत्रं आपणहून कडेला गेलं, मग ओट्यामागे गेलं. नंदकिशोर आणि स्मिता एका रविवारी आले, फाट्यावर बराच वेळ उभे राहिले आणि मागे फिरले. पुन्हा आले नाहीत. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं की नाही, आठवत नाही.

शिवा मात्र जुन्याच जागी उतरायचा. आता ती जागा ट्रेलरच्या वाटेत होती. तो चपला कडेला काढायचा, सायकल धरून मधोमध जायचा आणि हात जोडायचा. गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जायच्या. गोजराच्या जिवाला घोर लागला. तिनं कॅरियरवर बसायचं सोडलं नाही, पण वळण आलं की तिचं बोलणं बंद व्हायचं. एकदा ती कडेलाच उभी राहून ओरडली, "कुत्र्याला पन कललं, तुमाला कलत नाय? देव तिकरं हाय, ओट्यावर!"

"दगूड तिकरं हाय. देवाला कुनी इचारलंच नाय."

"मंग परत कौल लावू. तो हो बोलला, तर ओट्याशी उतराल?"

"उतरेन," शिवा म्हणाला.

एका सकाळी तिनं कोंडिबाला धरून आणलं. फुलं लावली. ट्रेलर गेला, दोन्ही फुलं एकदम पडली. पुन्हा लावली, पुन्हा ट्रेलर. कोंडिबा कंटाळून म्हणाला, "नाय बोलत तो आता." गोजरा फुलं गोळा करत राहिली. शिवा म्हणाला, "चल, बाजाराला उशीर होतंय," आणि जुन्या जागेवर जाऊन हात जोडून आला.

एका दिवेलागणीला तो यार्डातून एकटाच परतत होता. पुढचं मला माणसांच्या बोलण्यावरून कळलं. अंगावरून ट्रेलर गेला तो रोजच्यासारखाच गेला. टिचकी तर मला कधीपासूनच लागत नव्हती. ब्रेक लागला, माणसं धावली, आणि ड्रायव्हर माझ्यावर बसून एकच सांगत होता, "बीच रास्ते में खड़ा था, हाथ जोड़ के. चप्पल उतार के खड़ा था."

शिवा जागच्या जागी गेला होता.

गोजरा आली. रडली नाही. तिनं आधी कडेला जाऊन त्याच्या चपला शोधल्या, एकमेकींवर उपड्या ठेवल्या आणि पदरात घेतल्या. मग कोंडिबाकडे वळली.

"त्या दिशी रोलर का नाय थांबवलाव?"

"आता कशाला गं, गोजरे..."

"तो सांगत होता, देवाला कुनी इचारलं नाय. मीच त्याला येडा बोलले." तिनं पदराला गाठ मारली. "उद्या मी नाय इचारत कुनाला."

माझी हकिगत एवढीच. तुम्ही सायकल चालवत असाल तर एक विनंती आहे, माझ्याकडे येऊ नका. फाट्यावर थांबा, ज्या रस्त्यात कुत्रं झोपलेलं दिसेल तो धरा. आणि त्याला उठवू नका, वळसा घालून जा.

शिवा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरानं आणि गावातल्या बायकांनी बापदेवाचा दगड ओट्यावरून उचलून माझ्या मधोमध, जुन्या जागी आणून ठेवला, आणि पहिला आलेला ट्रेलर त्याला वळसा घालून गेला.