राखणदाराचा पिंपळ आणि मी

मी एक जुना पूल आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही. आमच्या छोट्या बाजारगावाला नदीपलीकडच्या शाळेशी मीच जोडतो. जांभ्याच्या पाच कमानी आणि गुळाचं पाणी घालून मळलेला चुना, असा माझा देह. शंभरावर पावसाळे मी जागचा हललो नाही. पहिली एसटी गेली तेव्हा लोकांनी मला हार घातला. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

पुढे माझ्या मधल्या खांबावर, कठड्याला लागून, पिंपळाचं रोप उगवलं. एका पुरात शेवंतीकाकीचा लहानगा सुशांत वाहून जाताना त्या रोपाला धरून वाचला. झालं, पुलाचा राखणदार तिथेच वस्तीला आहे असं गावाने ठरवलं. मला विसरून सगळे त्यालाच नारळ ठेवू लागले. काकी तर रोज कळशीभर पाणी घालायची. मुळं माझ्या सांध्यांत शिरत होती. मला ठणकायचं, पण सांगू कोणाला? तिच्या मायेचा राग तरी कसा धरू?

यंदा मे महिन्यात डागडुजीला कॉस्मे गवंडी आला. भेगेत त्याचा हात कोपरापर्यंत गेला. "काकी, झाड काढूक होया," तो म्हणाला, "नायतर येत्या पावसात मधली कमान बसतली."

ज्याने माझा झील, माझा सुशांत, वाचवला त्याला हात लावायचा नाही, असं काकीने ठणकावलं. कॉस्मेने वाद घातला नाही. फक्त भेगेत हात घालून बघ म्हणाला. तिने घातला. तेवढ्यात सुट्टीतल्या वर्गाची मुलं घेऊन शाळेची रिक्षा माझ्यावरून गेली. ती आता सुशांतच चालवतो. काकीच्या बोटांखाली माझे दगड हलले. हात बाहेर काढला तर मूठभर चुन्याचा भुगा. काकीने पलीकडे पोचलेल्या रिक्षाकडे पाहिलं आणि झाड काढायला होकार दिला.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाला विनवायचा, मान गावकरांच्या भाईंचा, पण ते काकीसाठी मागे सरले. नारळ ठेवून ती म्हणाली, "बा राखणदारा, माज्या झिलाक तूच राखलंस. आता तेकाच राखूसाठी तुका हंयसून उठवतंय. काठावरच्या वडाखाली तुका जागा दितंय. रागावू नको."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. कोयता खाली ठेवून कॉस्मेही म्हणाला.

झाड गेलं, मुळं निघाली, भेगांत नवा चुना बसला. तरी पाऊस तोंडावर आला आहे आणि माझी धाकधूक काही जात नाही. मित्रांनो, मला हार नकोत. अधूनमधून माझ्या सांध्यांवरून हात फिरवा आणि भेग दिसली तर ती लहान असतानाच कोणाला तरी सांगा.

आज सकाळी सवयीने काकी कळशी घेऊन मधल्या खांबाशी आली आणि रिकामी जागा बघून थबकली. कॉस्मे म्हणाला, "घाल काकी. नव्या चुन्याक धा दीस पाणी लागता."

तिने कळशी ओतली. इतक्या वर्षांत ते पाणी पहिल्यांदाच माझ्यासाठी होतं.