बिननावाच्या तीन आखण्या

चार वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरने तीनशे शर्टांना सहाशे डाव्या बाह्या दिल्या. कापडावर तुकडे कसे मांडले की कमीत कमी चिंध्या उरतील, एवढंच त्याचं काम. चूक माझी होती. पण शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता तिथल्या कटिंगमास्तरांनी, म्हणजे माझ्या बाबांनी. भर कारखान्यात त्यांची मान खाली गेली, आणि त्यांनी कानाला खडा लावला. घरी माझ्याशी सगळं बोलायचे, माझ्या कामाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

मी हट्टाला पेटले. सॉफ्टवेअर पहिल्यापासून नव्याने लिहिलं. दाखवायला गेले की शिलाईच्या बायका ओरडायच्या, "डावरी आली गं!" आणि बाबा? माझं नाव ऐकताच चष्मा काढून खिशात ठेवायचे. बघायचंच नाही, तर खोट तरी कशाची काढणार? मला राग यायचा, आणि रागाहून जास्त वाईट वाटायचं.

शेवटी म्हटलं, नावच काढून टाकू. मालकीणबाईंना ते पटलं. एकाच कोटाच्या तीन आखण्या घेतल्या: बाबांची गेल्या वर्षीची, बाजारातल्या सगळ्यात महाग सॉफ्टवेअरची आणि माझी. तिन्ही एकाच प्रिंटरवर छापल्या, वर नुसते आकडे. ते मालकीणबाईंनी स्वतः घातले आणि कुठला कोणाचा हे लिहून पाकिटात बंद केलं. मला दारापाशीच उभं केलं, कागदही दिसू दिले नाहीत.

"मास्तर, यात एक तुमचीही आहे. पसंत पडेल त्यावर खूण करा," त्या म्हणाल्या.

खूण म्हणजे कोपऱ्यात निळ्या खडूचा गोल. तो पडल्याशिवाय कापडाला कातरी लागत नाही, आणि पडलेला गोल पुसायचा नाही, हा बाबांचाच नियम.

बाबांनी पहिला कागद उचलला. "कॉलर कुठे कोंबलीय बघा! वीतभर कापड वाया. ही आमच्या कन्येची करामत, डोळे मिटून सांगतो."



दुसरा कागद. "बरा आहे. पण बाहीचा धागा तिरका जाईल, शिवल्यावर बाही पिळवटेल."

तिसऱ्यावर मात्र ते रेंगाळले. बोट फिरवलं, पट्टी लावली. "ह्याला म्हणतात हात! माझीच आहे ही." आणि ऐटीत गोल काढला.

मालकीणबाईंनी पाकीट उघडलं. "एक नंबर तुमची, मास्तर. तीन नंबर तुमच्या लेकीची."

 मशिनींवरच्या बायका अशा हसल्या की एकीची बॉबिन टेबलाखाली गेली. बाबांचे कान लाल.

"पुसा की गोल, मास्तर," कोणीतरी खिजवलं.

"खूण पुसत नाहीत," बाबा गुरकावले.

त्यांनी कागद पुन्हा उजेडात धरला. बाह्यांवर बोट ठेवलं. "ही डावी. ही उजवी." सगळा कागद असाच मोजला. 

"इकडे ये," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ह्यावर नाव का नाही?"

"नाव असतं तर बघितलं असतंत?"

 त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि गोलाकडे बोट दाखवलं. "घाल इथे."

मी नाव लिहून होईपर्यंत त्यांनी चष्मा काढला नाही.