घाम सुइणीचा, हार माझ्या गळ्यात

माझे नाक झिजले आहे, डाव्या पंजाचे टवके उडाले आहेत आणि अंगावरचा निळा रंग आता फक्त काखेत उरला आहे. मित्रांनो, मी एक जुनी ताउरेत आहे. उंबराच्या लाकडाची, वीतभर उंचीची, बाळंतिणींना राखणारी देवी. नदीच्या मावळतीला, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या गावात, एका घराच्या कोनाड्यात मी उभी असते. एवढ्या वयाच्या मूर्तीने आपला मोठेपणा सांगावा. मला मात्र माझी लाज सांगायची आहे.

मला पाशेदने घडवले. त्याची बायको तूय तेव्हा पहिलटकरीण होती. सुटीच्या दिवशी तो दारात बसून मला तासायचा आणि पाण्याला निघालेल्या बायका थबकून हसायच्या.

"पाशेदभाऊ, हे काय हो? पाणघोडी आणि दोन पायांवर?"

"हसा, हसा. पिल्लाजवळ गेलं तर पाणघोडी काय करते ते नावाड्यांना विचारा. पोट तिचं, पंजे सिंहिणीचे, पाठ मगरीची. बाळंतिणीकडे वाकडी नजर टाकली तर एकीनं नाही, तिघींनी मिळून फाडावं!"

तूयचे दिवस भरले तेव्हा वाबखेत सुईण आली. तिच्या गळ्यात हेकेतचा मणी होता. हेकेत म्हणजे बेडकी. पूर ओसरला की चिखलातून हजारो बेडक्या टणाटण बाहेर पडतात, तसे पोर सुखरूप बाहेर यावे म्हणून सुइणी तो मणी घालतात. वाबखेतने गच्चीवरच्या मांडवात बाळंतपणाच्या, मेस्खेनेतदेवीच्या विटा मांडल्या आणि तूयला त्यांवर उकिडवे बसवले. मला कोपऱ्यात ठेवले होते. ऐन दुपारी बाळाचे डोके दिसले. मानेभोवती नाळेचे दोन वेढे होते.

वाबखेतने आरडाओरडा केला नाही. "तूय, आता कळ आली तरी जोर लावू नकोस," एवढेच म्हणाली आणि दोन बोटांनी एकेक वेढा सोडवला. निळी पडलेली मुलगी टाहो फोडून रडली.

आणि मी काय केले? मी उभी होते.

तरी तूयच्या सासूबाईंनी कमळांचा हार माझ्याच गळ्यात घातला. दुधाची वाटी माझ्यासमोर आली. वाबखेतने हात धुतले, भाकरी आणि कांदे टोपलीत घेतले आणि जाता जाता ती म्हणाली, "बघा बायांनो, घाम माझा आणि नैवेद्य हिला!" सगळ्या हसल्या. मलाही गंमत वाटली. खोटे कशाला बोलू, तो हार मला फार आवडला होता.

मुलीचे नाव इसेत ठेवले. मग बाळंतपण असले की लोक मला मागून नेऊ लागले. जिथे मी, तिथे वाबखेत असायचीच. पण नाव माझे व्हायचे.

इसेत चार वर्षांची असताना तूयला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. वाबखेतने तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"मूल आडवं आहे. घागरी उचलायच्या नाहीत. पडून राहायचं."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केले. "ही घरात असताना? आम्ही तर बाळंतपणाच्या दिवशीही दळण दळलं. तुझा देवीवर विश्वास नाही का गं?"

"देवीवर आहे हो. घागरीवर नाही."

पण त्या घरात सासूबाईंचा शब्द चालायचा. दुसऱ्या दिवशीही तूय वेशीवरच्या हौदातून पाणी घेऊन आली. घागर टेकवताना ती कंबर धरायची, माझ्याकडे एकदा पाहायची आणि पुन्हा निघायची. ती माझ्या भरवशावर जात होती आणि मला ते कळत होते.

मुलगा मेलेलाच जन्मला. तूयला वाबखेतने कसेबसे ओढून परत आणले. तरीही सासूबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "हिच्यामुळे देवी कोपली! ही देवीची टिंगल करायची! 'घाम माझा, नैवेद्य हिला' म्हणायची, ऐकलंय ना सगळ्यांनी?"

वाबखेतने तूयकडे पाहिले. तूयने भिंतीकडे तोंड फिरवले.

त्या दिवसापासून वाबखेतला कोणी बोलावले नाही. ती नदीकाठी कोळ्यांच्या वस्तीत राहायला गेली. आणि माझा कोप शांत व्हावा म्हणून माझ्यासमोर दुप्पट दूध येऊ लागले. मित्रांनो, लाकडाला घाम फुटत नाही, नाहीतर त्या दुधासमोर मी भिजून गेले असते.

बारा वर्षे गेली. सासूबाई वारल्या. पाशेदने आईची शवपेटी अंगणात रंगवायला घेतली. एका पारड्यात मेलेल्याचे काळीज आणि दुसऱ्यात सत्याची देवी माआत हिचे पीस, असा परलोकातला तराजू तो काढत होता.

"एवढंसं पीस," तो म्हणाला, "पण खोटं बोललेलं काळीज त्याहून जड भरतं."

"आणि गप्प बसलेलं?" तूयने विचारले.

पाशेदचा कुंचला थांबला.

त्याच आठवड्यात इसेत माहेरी आली. तिचा सातवा महिना चालला होता आणि पाय सुजले होते. "आई, पाणी मी आणते. ताउरेत आहे की आपली," म्हणत तिने घागर उचलली. तूयने ती तिच्या हातातून हिसकावून घेतली. मग मला काखोटीला मारून ती तडक हौदावर गेली. पाणी वाहून आणणारी गाढवे नुकतीच आली होती, बायकांची गर्दी होती.

"ऐका गं," तूय म्हणाली. "वाबखेतनं मला घागर उचलू नको म्हणून सांगितलं होतं. मी उचलली. आणि इसेतच्या गळ्यातली नाळ या ताउरेतनं नाही, वाबखेतनं सोडवली. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि बारा वर्षं तोंड शिवून बसले."

तूय तशीच नदीकडे चालत गेली. वाबखेत दारात मासे साफ करत होती. तूयने सगळे पुन्हा सांगितले. "मावशी, माझं चुकलं."

"बारा वर्षं लागली गं तुला." वाबखेतने माझ्याकडे पाहिले. "आणि हिला कशाला आणलंस?"

"हिच्या आड लपले होते, म्हणून."

वाबखेतने आणखी एक मासा साफ केला. मग विचारले, "पोरीचे पाय सुजलेत का?"

"हो."

"मग बोलत काय बसलीस? चल!"

दोन महिने तिने इसेतला जागचे हलू दिले नाही. तेल लावून पोटातले आडवे मूल हळूहळू वळवले. मुलगा झाला, ठणठणीत. हार पुन्हा माझ्याच गळ्यात पडला. लोकांची सवय लवकर मोडत नाही. पण या वेळी मला तो टोचत होता.

तूयला उशिरा का होईना, बोलता आले. मला आजही येत नाही. म्हणून मित्रांनो, एवढे माझ्यासाठी करा. देवीला हात जरूर जोडा. पण पोर रडले की आधी पाहा, कोणाचे हात अजून ओले आहेत. तिचे नाव सगळ्यांना ऐकू जाईल असे घ्या. माझे राहून गेले तरी चालेल.