उलटा बोलणारा आकडा

माझ्या सासऱ्यांना घड्याळांखेरीज दुसऱ्या कशातलं ओ की ठो कळत नाही, आणि याचा त्यांना भलता अभिमान आहे. चाळीस वर्षं ते एकाच टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेत. गेली सहा वर्षं दुकानाचं काउंटर मी सांभाळते. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे खातं माझ्याकडे, कारण बाबांना ते साधत नाही. कोणी घरी खाटखूट करून बिघडवलेलं घड्याळ आणलं, की बाबा त्या माणसाची अशी हजेरी घेतात की मला मागाहून सारवासारव करावी लागते.

गेल्या वर्षी बाबाच मंदावले. बसल्या बसल्या पेंगायचे, उन्हात स्वेटर घालायचे, चेहरा सुजल्यासारखा झाला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं. टीएसएच नावाचा एक आकडा साधारण चारच्या आत हवा, तो अठरा निघाला. थायरॉइड सुस्तावलंय, म्हणाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, त्यानंतर अर्धा तास चहा नाही, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. गोळीचं बाबांना काही वाटलं नाही, चहावरून मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पण गुण आला. दोनेक महिन्यांत स्वेटर कपाटात गेला आणि मी निर्धास्त झाले. मूर्खपणा माझाच.

कारण पुढे सगळं उलटं सुरू झालं. बाबांची विजार ढिली पडली, पंखा दिवसभर फुल, आणि बोलावं तर अंगावर येत. मग हात कापायला लागले. घड्याळातला स्क्रू मोहरीहून लहान असतो. एका सकाळी तो त्यांच्या चिमट्यातून तीनदा पडला. चौथ्यांदा त्यांनी उचललाच नाही. भिंग काढून ठेवलं आणि म्हणाले, वय झालं, हात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी अवजारं घेणाऱ्या व्यापाऱ्याला फोन करून सोमवारी यायला सांगितलंसुद्धा. मी भांडले. माझा नवरा शाळेत मास्तर आहे, चाळीस पोरांना गप्प बसवतो, पण बापापुढे स्वतःच गप्प बसला.

शनिवारी टेबलाचा खण रिकामा करायला मीच बसले, धुसफुसत. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक घड्याळाची चिठ्ठी होते: मालक कोण, तक्रार काय, काय केलं. खणाच्या तळाशी लॅबच्या तीन रिपोर्टांना टाचलेली अशीच एक चिठ्ठी सापडली, बाबांच्या सुबक अक्षरातली.

‘मालक: स्वतः. तक्रार: मागे पडतं. टीएसएच अठरा. एक गोळी.’ त्याखाली तारखा घालून: ‘टीएसएच तीन. उतरलं. दोन गोळ्या.’ मग, ‘टीएसएच अर्धा. आणखी उतरलं. तीन गोळ्या.’ आणि शेवटी, ‘टीएसएच जवळपास शून्य. बंद पडायच्या बेतात. चार गोळ्या.’

मला आधी हसू आलं, मग मी तारखा पुन्हा वाचल्या. घड्याळ मागे पडलं की आतली बारीक कांडी जराशी पुढे सरकवायची आणि वाट बघायची, ही बाबांची रीत. आकडा उतरला म्हणजे थायरॉइड आणखी मागे पडलं, असं धरून तीच त्यांनी स्वतःवर चालवली होती. पहिल्या तपासणीनंतर ते डॉक्टरीणबाईंकडे फिरकलेच नव्हते. परस्पर लॅबमध्ये जायचे, आकडा बघायचे, गोळी वाढवायचे. मी चिठ्ठी पर्समध्ये घातली, बाबांना रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, नाडी धरली, हृदयाचा आलेख काढायला लावला. तो ठीक निघाल्यावर खुर्ची पुढे ओढून बसल्या.

“आजोबा, हा आकडा थायरॉइडचा नाहीच. तो मेंदूचा निरोप आहे. गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली की मेंदू तिच्यावर ओरडतो, म्हणून आकडा चढतो. काम भागलं की ओरडायचं थांबतो, आकडा उतरतो. तीन आला तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात. तिथेच थांबायचं होतं.”

बाबांनी चिठ्ठी पुढ्यात ओढून ‘तीन’वर बोट ठेवलं.

“म्हणजे तो गप्प बसला होता आणि मला वाटलं, मेला.”

“हो. आणि एवढ्या गोळ्यांनी हृदयाचा ठोका चुकू शकला असता. मला का नाही विचारलंत?”

“माझ्याकडे लोक असंच करून आणतात,” बाबा म्हणाले. “मी फार बोलतो त्यांना.”

एवढं मऊ बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. बोटं थरथरत होती. हे परत येतील का, एवढंच त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, गोळ्यांमुळे असेल तर थांबेल, पण आठवडे लागतील. काही दिवस गोळी बंद, मग पुन्हा एकच, आणि सहा आठवड्यांनी रक्त. वयामुळे असेल तर तेव्हा बघू. खात्री त्यांनी दिली नाही. मला ती हवी होती, अगदी खोटी का होईना.

सोमवारी व्यापारी आला. मी त्याला वाटेला लावणार होते, पण बाबा मध्ये पडले. दीड महिन्यांनी या, म्हणाले, तोवर हात थांबले नाहीत तर टेबल तुमचं. मी दातओठ खात काउंटरला गेले.

पुढचे सहा आठवडे बाबांनी टेबलाला हात लावला नाही. येणारं घड्याळ मी ठेवून घ्यायची आणि गिऱ्हाइकाला थापा मारायची. बाबांच्या हातांकडे बघायचं मी टाळत होते. चहाचा कप ते माझ्याकडे पाठ करून प्यायचे. सहाव्या आठवड्यात रिपोर्ट आला, टीएसएच दोन. तो त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, आणि हातांचं विचारायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी व्यापारी दोन हमाल घेऊन आला. त्यानं टेबल ठोकून पाहिलं, खण ओढून पाहिले. बाबा टेबलामागे येऊन बसले आणि त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. त्याचं घड्याळ बंद होतं. बाबांनी हात पुढे केला, त्यानंही गोंधळून ते काढून दिलं. भिंग चढलं. झाकण उघडलं. बाबांनी एक स्क्रू काढला, आत काहीतरी साफ केलं आणि स्क्रू चिमट्यात उचलला. स्क्रू पहिल्याच खेपेला जागेवर बसला.

“बसा,” बाबा व्यापाऱ्याला म्हणाले. “दहा मिनिटं लागतील.”

मी हमालांना चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर पडले आणि भर रस्त्यात रडले.