लाल शाईतल्या शंका

हैदर ताटावर बसला खरा, पण भाकरी काही मोडेना. आक्काबाईंच्या खानावळीत हा खर्डा गावचा पोरगा दोन वर्षं जेवत होता. असं कधी झालं नव्हतं.

"काय रं, आमटी आळणी झाली व्हय?"

"न्हाई मावशी." त्यानं कागदांची दोन भेंडोळी पुढं केली. एम. ए. मराठीचा त्याचा प्रबंध, खर्ड्याच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांवरचा. सरांनी लाल शाईनं रंगवून परत दिलेला. जिथं जिथं लाल शाई दिसली, तिथलं वाक्यच गाळून हैदरनं सगळा नव्यानं उतरवला होता. चाळीस पानांची अठरा झाली होती. उद्या अकराला सरांना द्यायची होती.

"सरांनी लिव्हलंय काय, वाच की."

"'मुसलमान घरांतही ओव्या म्हणतात? आधार काय?'"

"मग म्हंत्यात का न्हाई?"

"माझी आई रोज म्हणते. पण घरात आमची बोली दखनी. माझं मराठी शाळेतलं. मी सरांपुढं काय तोंड उघडू?"

म्हणजे त्याच्या आईच्या, इमामबीच्या ओव्याच गेल्या की! आक्काबाईंच्या ध्यानात आलं. खानावळ आवरून रोज कीर्तनाला पळणारी ती बाई; तिला एकच दाखला सुचला.

"अरं, काल बुवांनी अभंग लावला अन् मधीच थांबून म्हनले, 'इथं कुनी शंका घेईल, देव भक्ताघरी दळायला कशाला बसंल?' मग काय भिऊन अभंग सोडून घरी गेले? शंका निघाली म्हंजी ऐकनारा जागा हाय. झोपल्याला कसली आलीय शंका!"

अन् बाई पळी घेऊन पाटावर सरांसारख्या ताठ बसल्या. "हं. आधार काय?"

"सर, चूक झाली..."

पळी पातेल्यावर खणकन वाजली. "विचारलंय काय, सांगतोस काय?"

"सर... माझी आई इमामबी म्हणते. तिच्याजवळ बसून मी वीस ओव्या लिहून घेतल्यात."

"आता कसं! फुडं?"

"'हाच मुद्दा दोनदा आलाय.'"

"आलाय का?"

"आलाय."

"मग तितं कबूल व्हायचं. बुवासुदिक ताल चुकला तर पखवाज्याकडं बघून हासत्यात."

दुसऱ्या दिवशी तव्यावरच्या दोन भाकरी करपल्या. आक्काबाईंचं सगळं ध्यान दाराकडं. दोन वाजता हैदर आला. हातात नवी अठरा नव्हे, जुनीच चाळीस पानं, त्यांवर आणखी लाल शाई. बाई उलथनं हातात घेऊनच पुढं आल्या.

"सर म्हणाले, आईचं नाव घाल, गाव घाल, वीसच्या वीस ओव्या घाल. अन् मावशी, आणखी अकरा शंका काढल्यात!"

हे सांगताना पोरगा हसत होता.

"पांडुरंगा!" म्हणत आक्काबाईंनी ताट मांडलं. तिसऱ्या भाकरीला त्यानं डाव्या हातानं पान उलटलं अन् सहाव्या शंकेचं उत्तर त्यांनाच सांगायला लागला. बाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही. तरी त्यांनी मधेच विचारलं, "कशावरनं?"

हैदर थांबला, घास गिळला, अन् सांगू लागला.