चादरीचं दुसरं टोक

"तुम्ही खाली पडलेले, असा एक फोटो मिळाला तर बहार येईल," पत्रकार म्हणाला आणि त्याने चादरींच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "ह्याच्यावर जरा आडवे व्हा. डोळे मिटून."

आमच्या ह्यांनी हातातली चादर ताणून धरली. चादरीचं एक टोक ह्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. हॉटेलांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून द्यायच्या. ह्याच लॉन्ड्रीत हेच करत आम्ही दोघं म्हातारे झालो.

त्या पोट सुटलेल्या पत्रकाराला साप्ताहिकात लेख लिहायचा होता. बॉक्सिंगमध्ये मोठा चॅम्पियन कोण, हातोडा की भिंगरी? नावं लोकांनीच ठेवलेली. एक थांबला तेव्हा दुसरा सुरू झाला, त्यामुळे त्यांची आपसात गाठ कधी पडलीच नाही. म्हणून दोघांशीही लढलेल्यांना गाठून हा तुलना करत होता. आमचे हे तरुणपणी दोघांशीही लढले होते आणि दोघांकडूनही हरले होते. हातोड्याने ह्यांना दुसऱ्याच फेरीत झोपवलं. भिंगरीला दहा फेऱ्यांत ते जमलं नाही, तो गुणांवर जिंकला. म्हणजे हातोडा मोठा, असं पत्रकाराचं सरळसोट गणित.

"बरोबर ना, काका?"

भाजीत मीठ नसलं तरी तोंडातून अवाक्षर न काढणारा हा माणूस. मला वाटलं, मान डोलावतील आणि सुटतील.

"चूक," हे म्हणाले. "दोघांसमोर मीच होतो, पण तसाच नव्हतो."

मग बोलतच सुटले. हातोड्याशी लढले तेव्हा कोवळे होते. उजव्या हाताने ठोसा मारताना डावा हात खाली यायचा. हातोड्याने ते हेरलं आणि नेमकं तिथेच हाणलं. त्यानंतर पोटासाठी लॉन्ड्रीत लागले आणि माझ्यासमोर उभे राहिले. ओली चादर जमिनीला लागली की पुन्हा धुवावी लागते, आणि ती नेहमी ह्यांच्याच डाव्या हाताकडून लोळायची. मी दिवसभर कानीकपाळी ओरडायची, हात वर धरा. लग्नाआधीही ओरडायची आणि नंतर तर काय, हक्कच आला. पुढे भिंगरीशी गाठ पडली तेव्हा तो डावा हात हनुवटीजवळून हलला नाही.

"हिनं शिकवलं मला," हे म्हणाले. "भिंगरी कमी नव्हता हो. मी सुधारलो होतो. तेवढं लिहा."

मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. ती लढत बघायला मी गेले होते, पण बघितली म्हणवत नाही. डोळे गच्च मिटून बसले होते. शेवटची घंटा झाल्यावर उघडले, तर हे उभे होते. पंचांनी भिंगरीचा हात वर केला, लोक नाचायला लागले, आणि मला मात्र ह्यांच्याखेरीज कोणी दिसत नव्हतं.

पत्रकाराने पेन खिशाला लावलं. वाचकांना इतकं किचकट नको असतं, म्हणाला. फोटोचं तेवढं बघा.

"काढायचा तर उभ्याचा काढा," हे म्हणाले. "मला आडवं करायला हातोडा लागला होता. तुमच्या सांगण्यावरून नाही पडणार."

फोटो न काढताच तो निघून गेला.

अंक आला. हातोडा मोठा ठरला होता. लेखाशेजारी कुठूनसा शोधून काढलेला जुना फोटो, हे जमिनीवर, तोंड वाकडं झालेलं. सुधारण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या तोंडावर नेऊन फेकते, म्हटलं. ह्यांनी अंक सावकाश वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि चादरीचं टोक उचललं.

"चल. हॉटेलची गाडी येईल."

आताशा ह्यांचा डावा हात थरथरतो. दुपारनंतर खाली यायला लागतो आणि मला आठवण करून द्यावी लागते. त्या दिवशी मी काम सुटेपर्यंत त्या हाताकडे बघत होते. एकदाही सांगावं लागलं नाही.