भिंतीतून गेलेली सोंगटी

गोदामाची सुरक्षा आखताना मी नकाशावर चोर-पहारेकऱ्याचा डाव मांडते. कुठलं दार फोडायला किती वेळ लागेल, सगळं गणितात बसवलेलं असतं. इथं चोराला मालापर्यंत पोचायला अकरा मिनिटं लागत होती आणि पहिल्याच दाराशी घंटा वाजल्यावर पहारेकऱ्याला यायला सहा. म्हणजे चोर सापडायलाच हवा.

चोराची सोंगटी मी स्टोअरकीपरना दिली. वीस वर्षं इथंच काढलेले, सगळ्यांचे काका. त्यांनी गप्पांच्या नादात सोंगटी सरळ सरकवली आणि डावातल्या चारच मिनिटांत माल गाठला.

"काका, तिथं भिंत आहे," मी म्हटलं.

"हो की, विसरलोच." सोंगटी चटकन मागे आली.

वीस वर्षं समोर असलेली भिंत कोण विसरतं? ते माझ्या डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच बघायला गेले. भिंतीशी लोखंडी कपाट होतं. ढकललं तर अलगद सरकलं. मागे दार होतं आणि त्याच्या बिजागऱ्यांना ताजं तेल होतं.

"मॅडम," मागून काकांचा शांत आवाज आला, "पहारेकऱ्याला यायला सहा मिनिटं लागतात, असंच ना तुमचं गणित?"